पहिल्या रांगेतले मानाजीअण्णा

फाल्गुनातल्या एका शनिवारी दुपारी मानाजीअण्णा गेले. बेळ्ळंदूरला एका ऑफिसात प्रोग्रॅमर लोकांसाठी वर्ग चालला होता. ते पहिल्या रांगेत बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी, नेहमीसारखं पुस्तक घेऊन. ते गेले हे वर्ग संपेपर्यंत कोणाला कळलं नाही. मलाही नाही.

वर्ग कशाचा होता हे सांगून उपयोग नाही. अण्णा विषय बघून जात नसत. बेंगळुरात दर शनिवारी कुठे ना कुठे प्रोग्रॅमर जमतात. कोणी नवं काही केलेलं असतं, ते पडद्यावर दाखवतात, बाकीचे ऐकतात, मग पिझ्झा येतो आणि जाताना एक टी-शर्ट मिळतो. नावनोंदणी केली की कोणालाही जाता येतं. 'कोणालाही' या शब्दावर विश्वास ठेवणारे माझ्या माहितीत अण्णा एकटेच. तिशीच्या आतली शंभरेक मुलं लॅपटॉप उघडून बसलेली असायची आणि पहिल्या रांगेत मधोमध शहात्तर वर्षांचे अण्णा: धोतर, मागच्या शनिवारचा टी-शर्ट, त्यावर काळा कोट, मांडीवर एक लांबट वही. एका टी-शर्टवर 'वेगाने मोडा, वेगाने जोडा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. तो घालून ते बायकोच्या श्राद्धाचं सांगायला भटजींकडे गेले होते.

मी बसवनगुडीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मूळचा मी मिरजेचा. सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण प्रोग्रॅम लिहीत नाही. प्रोग्रॅम कसा वापरायचा याची पुस्तकं लिहितो, आणि ती कोणी वाचत नाही. अण्णांचं घराणं सतराव्या शतकात फौजेबरोबर दक्षिणेत आलं आणि इथेच राहिलं. त्यांची मराठी मला सुरुवातीला निम्मीच समजायची. "काय रे, ऊटा झाला का?" असं त्यांनी पहिल्या दिवशी जिन्यातून विचारलं, तेव्हा ते जेवणाबद्दल विचारत आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला. तेवढ्यात त्यांनी माझं पान वाढूनही ठेवलं होतं.

नावनोंदणीचे अर्ज मी भरत असे. 'अनुभव किती वर्षं' या रकान्यात ते चव्वेचाळीस लिहायला लावत. एका आयोजकाने ही टंकनाची चूक समजून चार केलं. अण्णांनी त्याला फोन करून चाळीस वर्षं परत मागितली.

आकडा खोटा नव्हता. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात होते. एका वर्षी अधिक महिना आला आणि त्यांच्या आईने अण्णांच्या वडिलांचं श्राद्ध चुकीच्या महिन्यात केलं. हे तिला नंतर कोणीतरी सांगितलं. ती पुढे महिनाभर नीट जेवली नाही. अण्णांनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून एक प्रोग्रॅम लिहिला. माणसाच्या मृत्यूची तिथी त्यात घातली की त्या वर्षी श्राद्ध कोणत्या तारखेला येतं ते तो सांगायचा. अधिक महिना, क्षयतिथी, तिथी दुपारी कोणत्या दिवशी असते, हे सगळं त्याला कळायचं. आधी तो फक्त आईसाठी होता. मग शेजारच्या घरांनी आपली माणसं दिली, मग नात्यातल्यांनी, मग ज्ञातीतल्या सगळ्यांनी. निवृत्त होताना कारखान्याने भंगारात काढलेला एक संगणक आणि टिकटिक करत छापणारा एक प्रिंटर अण्णांनी घरी आणला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते त्यावर पोस्टकार्डं छापत आणि पेटीत टाकत. त्या प्रिंटरला देवनागरी येत नव्हती, म्हणून मजकूर मराठी आणि अक्षरं इंग्रजी. वर गेलेल्याचं नाव, मग तिथी, मग तारीख आणि तळाशी एक ओळ: 'उशीर करू नये.'

सत्तरी झाली आणि डॉक्टरांनी त्यांच्या छातीत काहीतरी बसवलं. "आता जपा," डॉक्टर म्हणाले.

"मी जपतो," अण्णा म्हणाले. "यादी कोण जपणार?"

मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या होता, त्याने सगळ्यांना फोनमध्ये आठवण लावायला सांगा असं सुचवलं. "फोनला अधिक महिना कळतो काय?" अण्णांनी विचारलं. पुतण्यालाही कळत नव्हता. तो विषय तिथे संपला, आणि अण्णा कोट घालून माणूस शोधायला बाहेर पडले. त्यांना वाटलं होतं, हे काम एका महिन्याचं आहे. प्रोग्रॅमरांचं गाव आहे, एक मिळणार नाही?

माणूस शोधण्याची त्यांना एकच रीत ठाऊक होती: स्थळ बघतात ती. लांबट वहीत प्रत्येक पानावर एक प्रोग्रॅमर होता. नाव, मूळ गाव, आईवडील कुठे, व्यसन, आणि शेवटी ठळक अक्षरात 'नोकऱ्या किती सोडल्या'. या शेवटच्या रकान्यात बहुतेक स्थळं मोडत. "चार वर्षांत तीन कंपन्या," ते बसमध्ये मला म्हणाले होते. "तीन देवळं सोडून आलेला पुजारी कोण ठेवतंय रे?" एक मुलगा सगळ्या बाजूंनी पसंत पडला होता. पिझ्झा खाताना तो सहज म्हणाला की पुढच्या महिन्यात तो जर्मनीला चालला आहे. अण्णांनी त्याच्यासमोर वही उघडली, पान शोधलं, त्यावर काट मारली आणि "सुखी राहा" म्हणाले.

या कार्यक्रमांच्या सुरुवातीला गोल उभं राहून ओळख करून द्यायची पद्धत असते. नाव, काम आणि स्वतःविषयी एक गमतीची गोष्ट. मुलं सांगतात, मी गिटार वाजवतो, माझ्याकडे दोन मांजरं आहेत. अण्णांची पाळी आली की ते हात जोडत.

"मानाजीराव. मेलेल्या लोकांची यादी सांभाळतो. मला माणूस पाहिजे."

सगळे हसत. ही त्यांची गमतीची गोष्ट आहे असं प्रत्येकाला वाटे. अण्णा हसणं थांबेपर्यंत वाट बघत आणि तेच पुन्हा सांगत.

भाषण संपल्यावर प्रश्न विचारायला पहिला हात त्यांचा असे आणि प्रश्न नेहमी एकच. "हे वीस वर्षांनी कोण बघणार?" पडद्यावर जे काही असेल त्याबद्दल. बोलणारा बिचारा गोंधळून जाई. कोणी सांगे, यासाठी मोठी टीम आहे. कोणी सांगे, कम्युनिटी बघेल. "म्हणजे कोण? नाव सांगा," अण्णा म्हणत.

एकदा त्यांनी एका अमेय नावाच्या मुलाला जवळजवळ नक्की केलं. पुण्याकडचा, मराठी, निर्व्यसनी, नोकरी एकच. त्याच्या आईवडिलांना भेटल्याशिवाय पुढे जायचं नाही असं अण्णांचं मत. त्यांनी घरी फोन केला, "तुमच्या मुलाच्या बाबतीत बोलायचं आहे" म्हणाले, आणि मला घेऊन बेळ्ळंदूरला एका उंच इमारतीतल्या सतराव्या मजल्यावर गेले. दार उघडलं तेव्हा अमेयच्या आई जरीच्या साडीत होत्या. पोह्यांचा वास येत होता. अमेय घरात नव्हता, आणि नंतर मला वाटलं, तो मुद्दामच नव्हता.

अण्णांनी नारळ टेबलावर ठेवला आणि वही उघडली. "सकाळी किती वाजता उठतो?"

"साडेसहाला," आई म्हणाल्या. "हाक मारावी लागत नाही."

"हातातलं काम अर्धं टाकतो काय?"

"छे! लहानपणापासून तसाच. चित्रसुद्धा पूर्ण रंगवल्याशिवाय जेवायचा नाही."

"घरातल्या जुन्या माणसांबद्दल कसं आहे?"

"आजीचं सगळं तोच करायचा हो. तिची नखंसुद्धा तो कापायचा."

वीस मिनिटं दोघं एकमेकांवर खूश होत गेले. मी दोनदा तोंड उघडलं, पण प्रत्येक वेळी आईंनी मला आणखी पोहे वाढले. शेवटी त्या म्हणाल्या, "आमचं सगळं विचारलंत. आता मुलीचं सांगा ना. शिक्षण काय?"

"कुठल्या मुलीचं?" अण्णांनी विचारलं.

मग अण्णांनी सांगितलं. एक प्रोग्रॅम आहे, चाळीस वर्षांचा, जुन्या भाषेतला, स्वभावाने गरीब, महिन्यातून एक रविवार मागतो. आईंच्या हातातला झारा तसाच राहिला. "तुम्ही आमच्या मुलाला मेलेल्या माणसांचं काम द्यायला नारळ घेऊन आलात?"

"नारळ तुम्ही ठेवा," अण्णा म्हणाले. त्यांना काय चुकलं ते कळलेलं नव्हतं.

आम्ही चपला घालत होतो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "सासऱ्यांचं इथे आल्यापासून राहूनच जातं. कार्तिक शुद्ध सप्तमी. लिहून घ्याल?"

अण्णांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं.

हे नेहमीचंच झालं होतं. ते माणूस शोधायला जात आणि मेलेला घेऊन येत. कार्यक्रमातली मुलं आधी हसत, मग चहाच्या वेळी एखादा बाजूला येऊन हळूच म्हणे, सर, माझ्या आजीचं घालता येईल का? तिथी कोणालाच माहीत नसे. मुलगा आईला फोन लावी, आई मावशीला, आणि तासाभराने तिथी येई. तेलुगू मुलं, तमिळ मुलं, एक बंगाली. चार वर्षांत वारस मिळाला नाही आणि यादी दुप्पट झाली. "स्वल्प जास्त झालं," ते शेवटच्या रविवारी कार्डांचा गठ्ठा बघून म्हणत. नाही मात्र कोणाला म्हटलं नाही.

चैत्रा त्यांना अशाच एका कार्यक्रमात भेटली. जयनगरची कन्नड मुलगी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. ती मंचावर काहीतरी दाखवत होती आणि अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, वीस वर्षं? वीस महिन्यांनी मी स्वतःच हे फेकून देणार आहे."

सभागृह हसलं. अण्णा माझ्याकडे वळले. "ही खरं बोलती रे."

पुढचं सगळं बोलणं त्या दोघांत कन्नडात झालं. मला जेवढं समजलं तेवढं लिहितो. अण्णांनी तिच्या नोकऱ्या विचारल्या. दोन होत्या. त्यांनी विचार केला आणि रकान्यात 'चालेल' लिहिलं. चैत्राने घरी येऊन तो जुना संगणक बघितला, प्रिंटरचा आवाज ऐकून कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "अण्णा, दोन दिवसांचं काम आहे. मी नवीन करून देते. कार्डं बेडा. सगळ्यांना फोनवर मेसेज जाईल."

"कार्डं नकोत?"

"झाडं वाचतील."

झाडांविरुद्ध अण्णांकडे मुद्दा नव्हता. तिने दोन दिवसांत खरोखरच नवीन करून दिलं. ते एका भाड्याच्या संगणकावर चालत होतं. तो संगणक कुठे आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण त्याचं घड्याळ इंग्लंडचं होतं. श्राद्धाला दुपारची तिथी बघतात. चैत्राने त्या संगणकाला दुपारी दीड वाजताची तिथी बघायला सांगितलं. त्याने बघितली. त्याचे दीड वाजतात तेव्हा बसवनगुडीत संध्याकाळचे सात झालेले असतात. तोवर एखाद्या दिवशी तिथी बदलून पुढची लागलेली असते. त्या महिन्यात नऊ घरांनी श्राद्ध एक दिवस आधी केलं.

भटजींच्या ध्यानात आलं ते नवव्या घरी, पिंड ठेवताना. त्यांनी तिथूनच फोन केला. "अण्णा, आज कुठली तिथी म्हणून मला बसवलंत?"

अण्णांनी पंचांग बघितलं. मग त्यांनी चैत्राला बोलावून घेतलं. ती आली ती रडतच. "मी सगळ्यांना मेसेज टाकते," ती म्हणाली. "चूक झाली, क्षमस्व."

"मेसेज नाही," अण्णा म्हणाले. "चल."

रिक्षा करून ते तिला दोन दिवसांत नऊच्या नऊ घरी घेऊन गेले. मीही गेलो. प्रत्येक घरी अण्णा तिला पुढे करत: "हिच्याकडून चुकलं. माफी मागायला आली." आणि प्रत्येक घरी तेच होई. श्राद्ध पुन्हा करायचं म्हणून दुसऱ्यांदा स्वयंपाक झालेला असे, आणि दारात आलेल्या मुलीला तसं पाठवणार कसं? चैत्राने त्या दोन दिवसांत नऊ घरची खीर खाल्ली. पाचव्या घरी तिने पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी नजर पुस्तकात घातली.

कोणी रागावलं नाही असं नाही. एका घरी एक गृहस्थ अर्धा तास बोलले. पण शेवटच्या घरी सीताक्का होत्या, नव्वदीच्या. त्यांनी सगळं ऐकलं, चैत्राला जवळ बसवलं आणि कन्नडात म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला जन्मभर मी एकदाही वेळेवर वाढलं नाही. बारा माणसांचं घर होतं. मेल्यावर एक दिवस आधी जेवला तर जेवू दे."

परत येताना रिक्षात चैत्रा म्हणाली, "अण्णा, हे मला जमणार नाही."

"का?"

"आमच्या कामात चूक झाली तर एक बटण दाबून कालच्यासारखं करता येतं. इथे ते जेवून गेले."

"म्हणून तर तू पाहिजेस," अण्णा म्हणाले.

"नाही, अण्णा. खरंच नाही. मला भीती वाटते."

अण्णांनी तिला आग्रह केला नाही. घरी येऊन जुन्या संगणकावरची धूळ पुसली आणि त्या महिन्याची उरलेली कार्डं छापली. मात्र वहीत पुढे नवं पान उघडलं नाही. त्यानंतर ते फक्त चैत्राच्या वर्गांना जाऊ लागले. ती जे शिकवील ते, जिथे शिकवील तिथे. पहिल्या रांगेत बसत, प्रश्न विचारत नसत, प्रोग्रॅमचं नाव काढत नसत. ती दिसली की हात वर करत आणि ती नकाराची मान हलवी. "असं किती दिवस जाणार?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मागणं घालून झालं. आता मुलीकडच्यांनी कळवायचं असतं." कोण मुलीकडचे, कोण मुलाकडचे, याचा त्यांनी एव्हाना पार घोळ केला होता. दोन वर्षं ते असे गेले, आणि त्या शनिवारी गेले तेही तिच्याच वर्गाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मृत्यूची वेळ पाच वाजून दहा मिनिटं लिहिली. ती त्यांनी बघितल्याची वेळ. वर्ग दोनला सुरू होऊन चारला संपला होता, आणि तो संपला तेव्हा अण्णांचे हात गार होते. पुतण्याने क्रिया केली. तिसऱ्या दिवशी भटजींनी विचारलं, "गेले किती वाजता?"

त्या शनिवारी तीन वाजून बारा मिनिटांनी नवमी संपून दशमी लागली होती.

पुतण्या म्हणाला, डॉक्टरांनी लिहिलंय तेच धरा. मला ते बरोबर वाटत नव्हतं, आणि शेजारी बसलेला माणूस मीच होतो. मी काय सांगणार? मी मांडीवर पुस्तक उघडून वाचत होतो. चैत्राला हे कळलं तशी ती संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "वर्गाचं रेकॉर्डिंग आहे," ती म्हणाली.

कॅमेरा खोलीच्या मागच्या बाजूला लावलेला होता. पडदा दिसत होता, चैत्रा दिसत होती, आणि पहिल्या रांगेत आमच्या दोघांची डोकी. अण्णांचं वर, माझं खाली. आम्ही दोन तास बघितलं, मग पुन्हा बघितलं. दोन वाजून दहा मिनिटांनी ते वहीत काहीतरी लिहितात. दोन वीसला खोकतात. दोन पस्तीसला माझ्याकडे झुकून काही म्हणतात. मी पुस्तकातून मान वर न काढता हलवतो. मग ते सरळ होतात आणि मागे टेकतात.

"काय म्हणाले?" चैत्राने विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी ऐकलं नव्हतं. आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला नव्हता. आम्ही तेवढा भाग सात-आठ वेळा लावला.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी चैत्रा बोलता बोलता थांबते, पहिल्या रांगेकडे बघते आणि त्यानंतर तिचा आवाज खाली येतो. शेवटपर्यंत तो खालीच राहतो. मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणतो, मॅडम, ऐकू येत नाही. ती त्याला हाताने गप्प करते.

"झोपले असं वाटलं," ती म्हणाली. "मान पडली होती. उठवायचं नाही म्हणून." तिने लॅपटॉप मिटला. "मी बघितलं तेव्हाच. दोन पन्नास. नवमी."

आम्ही भटजींना फोन केला. रेकॉर्डिंगवरून तिथी ठरवल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, "नवमी, सरी. तीच धरू."

चैत्रा खाली गेली. पुतण्याने कुलूप काढून दिलं. तिने जुना संगणक सुरू केला, तो चालू व्हायला लागणारी पाच मिनिटं उभ्यानेच काढली, आणि यादीच्या शेवटी अण्णांचं नाव घातलं. तिथी घातली. पत्त्याच्या जागी ती अडली. पुतण्या बदलीवर निघाला होता. तिने मला काही विचारलं नाही. माझा पत्ता घातला, मग आणखी एक ओळ उघडून जयनगरचा आपला घातला.

आता तो संगणक माझ्या खोलीत आहे. चैत्रा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी येते. प्रोग्रॅमला तिने हात लावलेला नाही. ती छापते, मी पंचांगावरून प्रत्येक तारीख ताडून बघतो, आणि दुपारी आम्ही कार्डं पेटीत टाकतो.